लेझरची अक्षरं डागाळतात? पॉवर वाढवण्याआधी मल्टिमीटर लावा

डबी तीच, फाइल तीच, स्पीड आणि पॉवरसुद्धा तीच. मागच्या महिन्यात अक्षरं चांदीसारखी निघाली होती. आज ‘आवाज’मधला ‘आ’ लख्ख, ‘वा’ तपकिरी, आणि ‘ज’ असून नसल्यासारखा. घरी प्रीॲम्प, हेडफोन ॲम्प नाहीतर गिटारचे पेडल बनवून पावडर कोटिंगच्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या) डबीत घालणाऱ्या, आणि नॉबची नावं लेझरने कोटिंग उडवून खालच्या धातूत उमटवणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं भेटतं. एकदा निस्तरलं तरी दोन-चार महिन्यांनी पुन्हा दारात उभं.

मग सगळे करतात तेच मीही वर्षभर केलं. पॉवर ६० टक्के होती ती ८० केली, ८० ची १०० केली, मग दोन पास (त्याच अक्षरांवरून लेझर दोनदा फिरवणं), मग चार. एका मित्राच्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) पिकअपसाठी प्रीॲम्प बनवत होतो. तीन नॉब: आवाज, खर्ज, तार. चार पास मारल्यावर ‘खर्ज’भोवती विडीच्या टोकासारखी पिवळट-तपकिरी झाक आली आणि ‘आवाज’मधला ‘ज’ होता तिथेच. रात्रीचे अकरा वाजले होते. वैतागून, खरं तर हाताला चाळा म्हणून, टेबलावरच्या, बझरवर लावलेल्या मल्टिमीटरची (दोन पिनांमधून वीज वाहिली की तो वाजतो) पिन ‘आ’वर टेकवली, दुसरी डबीच्या आत. बझर वाजला. ‘ज’वर टेकवली, शांत. ‘ज’ तिरक्या उजेडात राखाडी, धातूसारखाच दिसत होता. तरी त्याच्यावर कोटिंगचा पापुद्रा शिल्लक होता.

तेव्हापासून अक्षर बिघडलं की मशीनकडे न जाता आधी मीटर घेतो. काळी पिन झाकणाच्या स्क्रूच्या भोकात, म्हणजे जिथे कोटिंग नाही आणि ॲल्युमिनियम उघडं आहे तिथे. लाल पिन अक्षरावर, हलक्या हाताने. दाबून ओरखडा काढलात तर ती पिनच कोटिंग खरवडते आणि मीटर खोटं बोलतो. पंधरा-वीस ठिकाणी टेकवून बघा. काही ठिकाणी वाजतं आणि काही ठिकाणी नाही, सगळीकडे वाजतं पण दिसायला घाण आहे, किंवा कुठेच वाजत नाही. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि पॉवर वाढवणं हे जेमतेम एकावर चालणारं औषध आहे.

एक अपवाद आधीच सांगतो. डबी ॲनोडाइज केलेली असेल तर ही परीक्षा चालत नाही. ॲनोडाइजचा थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, वीज न वाहू देणारं. लेझर त्यातला रंग उडवतो, थर तसाच राहतो. अक्षर पांढरंशुभ्र आलं तरी मीटर मुकाच.

काही ठिकाणी वाजतं, काही ठिकाणी नाही

दहापैकी सात वेळा हेच असतं, आणि त्यातही बहुतेक वेळा गुन्हेगार उंची.

डायोड लेझरचा, म्हणजे घरच्या छोट्या मशीनमध्ये असतो त्याचा, ठिपका एका ठरावीक उंचीवरच बारीक असतो. माझं मशीन खऱ्या १० वॅटचं आहे. (खऱ्या म्हणजे बाहेर पडणाऱ्या उजेडाचे. जाहिरातीत ‘४० वॅट’ लिहिलेलं बरेचदा आत जाणाऱ्या विजेचं असतं आणि उजेड जेमतेम पाच-साडेपाच वॅट. विकत घेताना ‘ऑप्टिकल’ आकडा विचारा.) तर या मशीनवर उंची पाऊण मिलिमीटर चुकली की कोटिंग साफ उडायचं बंद होतं, नुसतं शिजतं.

तुमच्या मशीनची ही मर्यादा किती, हे एका रेघेत कळतं. कोटिंग केलेली भंगार पट्टी घ्या, १०० मिलिमीटर लांबीची. तिचं एक टोक १० मिलिमीटर उचलून ठेवा. फोकस मध्यावर लावा आणि लांबीभर एकच सरळ रेघ मारा. पट्टीवरचे दर १० मिलिमीटर म्हणजे उंचीतला १ मिलिमीटर. आता रेघ मीटरने तपासा. माझ्याकडे साधारण १४ मिलिमीटर लांबीत बझर वाजला. म्हणजे एकूण १.४ मिलिमीटरचा खेळ, वर ०.७ आणि खाली ०.७. आपल्या हातात एवढंच आहे.

आणि ते किती पटकन संपतं बघा. हॅमंड कंपनीच्या १५९०बी मापाची डबी, साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर, पेडलवाल्यांची आवडती. बाजारात त्याच मापाच्या देशी डब्याही मिळतात. डायकास्ट वस्तू साच्यातून सुटावी म्हणून तिच्या बाजूंना उतार ठेवलेला असतो, शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे वरचा चेहरा कधी कधी मध्ये किंचित खोलगट असतो. मित्राच्या डबीचे चार कोपरे मोजले तर एक बाजू ०.४ मिलिमीटर खाली. डबी ठेवली होती मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीच्या बेडवर, तो आणखी अर्धा मिलिमीटर वाकडा. फोकस लावला होता डाव्या कोपऱ्यात, ‘आ’च्या डोक्यावर. ‘ज’पर्यंत पोचेपर्यंत लेझरचा नेम चुकलेला.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक फुकटचं साधन आहे: शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, त्यात उतार लक्षात यायला वेळ लागतो. आपली शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सलग जाते, आणि ती एका बाजूला बारीक-ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूला जाड-फिकट होत गेली की समजायचं, डबी कललेली आहे. गवंड्याची पाणसळ जशी, तशी मी आता तिच्याकडेच आधी बघतो.

उपाय स्वस्त आहे. जाळीचा बेड बाजूला ठेवा आणि ओट्याचं काम करताना उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट या कामापुरता पुरेसा सपाट असतो. कडप्पा चालेल, पण त्याची पाठ नाही, घासलेली बाजू वर ठेवा. डबी झाकण काढून, कड खाली करून ठेवा. झाकण लावून ठेवलीत तर स्क्रूची डोकी आणि झाकणाची फट दोन्ही उंचीत मिसळतात. मग लेझरचं डोकं चारही कोपऱ्यांवर नेऊन फोकसची पट्टी (उंची मोजायचा तुकडा) त्याच्याखाली सरकवून बघा. जिथे सैल जाते तिथे डबीखाली कागद. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद या कामाला उत्तम, माझ्याकडे त्याच्या कापलेल्या पट्ट्यांचा डबाच आहे. फोकस कोपऱ्यात न लावता चेहऱ्याच्या मध्यावर लावा, म्हणजे चूक दोन्हीकडे अर्धी अर्धी वाटली जाते.

बाजूंवर ‘इन’, ‘आउट’, ‘९ व्होल्ट’ लिहायचं असेल तर उतार आठवा. दीड अंशाचा उतार ३१ मिलिमीटर उंचीत ०.८ मिलिमीटर होतो. डबी आडवी ठेवून खालून पत्रिकेची पाचर लावा आणि वर आलेली बाजू सपाट करून घ्या.

उंची बरोबर आहे, तरी डाग? मग कोटिंगची जाडी. चांगलं काम ६० ते ८० मायक्रॉनचं असतं. पावडर विजेच्या ओढीने चिकटते आणि ती ओढ कडांवर जास्त असते, म्हणून चेहऱ्याच्या कडेला थर जाड आणि मध्ये पातळ, फोटोफ्रेमसारखा. कडेजवळची अक्षरं उडत नाहीत आणि मधली उडतात, याचं कारण बरेचदा हेच. म्हणून कडेपासून सहा-सात मिलिमीटर आत लिहा. चौकट मारायचा मोह होतो, पण कोटिंगवाल्याने ज्या पट्टीत सगळ्यात जाड थर दिलाय नेमकी तिथेच ती येते.

कोटिंग मी भोसरीकडच्या एका छोट्या दुकानात करून घेतो. तिथे पत्र्याच्या कपाटांमागे माझ्या चार डब्या टांगल्या जातात, आणि कपाटाच्या मापाने मारलेली पावडर डबीवर दीडपट बसते. त्यात त्याची चूक नाही, चार डब्यांसाठी कोण गन पुन्हा सेट करणार. आता मी सांगून ठेवतो, ‘एकच हात, पातळ’, आणि पावडर मारण्याआधी त्यालाच डब्या एकदा ओव्हनमधून बिनपावडरच्या फिरवायला सांगतो. डायकास्टच्या पोटात बारीक पोकळ्या असतात. कोटिंग १८० ते २०० अंशांवर भाजताना त्यातली हवा बाहेर पडते आणि कोटिंगमध्ये फोड राहतात. कोऱ्या डबीवर ते दिसत नाहीत, पण लेझर मारला की अक्षरात काळे ठिपके उमटतात.

महिन्यापूर्वी आलं, आज येत नाही

हे वेगळं घेतो, कारण यात डबी निर्दोष असते आणि माणूस सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतो.

लेझरच्या तोंडाशी एक छोटी काच असते. कोटिंग जाळलं की चिकट धूर निघतो आणि तो थंड होऊन त्या काचेवर बसतो. रोज थोडा. डोळ्याला काच स्वच्छ दिसते, तिरकी धरली की तेलकट इंद्रधनुष्य दिसतं. मशीन बंद करून, लेझरचं मॉड्यूल (डोकं) थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कोरडी पुसू नका, काजळी खरडते. आठ-दहा डब्यांनंतर मी हे करतोच, दिसो न दिसो. एअर असिस्ट, म्हणजे ठिपक्यावर हवा मारणारी नळी, लावला असेल तर काच जास्त टिकते, पण हवा फार जोरात सोडलीत तर उडालेलं कोटिंग बाजूच्या अक्षरावर जाऊन चिकटतं. पावडर कोटिंगला मंद झुळूक पुरते.

दुसरं, उन्हाळा. डायोड तापला की त्याचा उजेड कमी होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला मारलेली डबी आणि जानेवारीत सकाळी मारलेली डबी सारखी येणार नाही. लांबलचक डिझाइनच्या शेवटाशी अक्षरं फिकी पडत असतील तर मॉड्यूलचा पंखा बघा. बहुतेक वेळा त्यात केसांसारखा धुळीचा गोळा सापडतो.

सगळीकडे वाजतं, पण लख्ख नाही

बझर वाजला म्हणजे लेझरने त्याचं काम केलेलं आहे. आता कितीही पास मारा, फायदा नाही. ॲल्युमिनियम या निळ्या उजेडाला परत फेकतं, म्हणून धातूला इजा होत नाही, पण अक्षराच्या काठचं कोटिंग मात्र प्रत्येक पासला थोडं थोडं करपतं. माझ्या ‘खर्ज’भोवतीची विडी अशीच पेटली होती.

आधी काजळी धुवा. मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, गोल गोल. नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे ॲसिटोन, किंवा थिनर वापरू नका. कोटिंग मऊ पडतं आणि चमक जाते. मी एकदा घाईत थिनर घेतला आणि काळी चकचकीत डबी पाटीसारखी करून ठेवली.

धुतल्यावरही अक्षर राखाडीच असेल, तर ते कोटिंगखालच्या धातूचं खरं रूप आहे. डायकास्टचा पृष्ठभाग मुळातच मळकट असतो, आणि कोटिंगआधी वाळूचा मारा केला असेल तर खरखरीतही. अक्षराच्या आत पिवळसर झाक दिसली तर ती कोटिंगआधी दिलेल्या क्रोमेटच्या थराची असू शकते. इथे दोन वाटा आहेत. पुढच्या डब्यांसाठी कोटिंगला देण्याआधी चेहरा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या, २२० नंतर ४००. यात तो मधला खोलगटपणाही जातो, म्हणजे उंचीचं दुखणंही कमी होतं. आरसा करू नका, कोटिंगला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो.

झालेल्या डबीसाठी रंग भरा. डबीवर आधीच कागदी मास्किंग टेप लावून टेपवरूनच लेझर मारला असेल तर सोपं: ब्रशने धुवा, वाळू द्या, टेप तशीच ठेवून अक्षरांत पांढरा ॲक्रिलिक रंग लावा, रंग अर्धवट ओला असताना टेप सोलून काढा. टेपमधून मारायला पॉवर थोडी जास्त लागते, पण बदल्यात करपट कडा जवळजवळ येत नाहीत. टेप कागदीच हवी. विनाइलचा स्टिकर किंवा पीव्हीसी असलेलं काहीही लेझरखाली घालू नका. त्यातून क्लोरीनचं आम्ल निघतं. माणसाला वाईट आणि मशीनला गंज. भांडी ठेवायच्या जाळीवर असतं तसं प्लास्टिकचं जाड गुळगुळीत कोटिंगही याच कारणाने वर्ज्य.

पांढऱ्या डबीचं एक वेगळंच आहे. पांढऱ्या कोटिंगमधला टायटॅनियम डायऑक्साइड लेझरने काळवंडतो. त्यामुळे अक्षरं चांदीची न येता राखाडी-काळी येतात. लोक तक्रार करतात, मला आवडतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं हवीच असतात. फक्त तिथे पास वाढवू नका, काळं झालं की थांबा.

कुठेच वाजत नाही

बहुधा डबी आणि लेझर यांची जोडी चुकली आहे.

डायोडचा उजेड निळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपास. काळं आणि लाल कोटिंग तो पिऊन घेतं. निळं आणि पांढरं परत फेकतं. निळ्या डबीला काळ्याचे आकडे लावले तर नुसता वास येईल. पारदर्शक लॅकरमधून तर तो काहीच न करता आरपार जातो. वेगवेगळ्या रंगांत डब्या करायच्या असतील तर सरळ ट्रॉफीवाल्याकडे जा. त्याच्याकडे असतो सीओटू लेझर, १०.६ मायक्रॉनचा, त्याला रंगाशी देणंघेणं नाही, सगळ्या कोटिंगमध्ये तो सारखा शोषला जातो आणि ॲल्युमिनियमवर पोचला की परत फिरतो. या कामासाठी त्याच्याइतका सरळ लेझर नाही.

उघड्या ॲल्युमिनियमवर मात्र डायोडही नाही आणि सीओटूही नाही. यूट्यूबवर स्टेनलेसच्या पट्टीवर काळी रेघ बघून लोक ॲल्युमिनियमच्या डबीवर तासभर लेझर फिरवतात. ३०४ स्टेनलेसच्या मानाने डायकास्टचं एडीसी१२ मिश्रण पाच-सहा पट जोरात उष्णता वाहून नेतं. ठिपक्याखाली धातू तापेपर्यंत उष्णता डबीभर पसरलेली असते. मॉलिब्डेनमचा मार्किंग स्प्रेसुद्धा याच कारणाने ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही. उघडाच धातू हवा असेल तर एमआयडीसीत नेमप्लेट करणाऱ्यांकडे फायबर लेझर असतो, १०६४ नॅनोमीटरचा. २० वॅटचाही काम करतो आणि डबी मिनिटभरात हातात मिळते. घरी मशीन असून बाहेर पैसे देणं जिवावर येतं, मान्य.

‘मग डायकास्टच ॲनोडाइज करून घेऊ’ हा विचारही मी करून बसलोय. एडीसी१२ मध्ये दहा-बारा टक्क्यांपर्यंत सिलिकॉन असतं, त्यामुळे रंग बसत नाही, चिखलासारखा राखाडी थर येतो. ॲनोडाइजची मजा हवी तर ६०६३ मिश्रणाच्या एक्सट्रूजनची (साच्यातून दाबून काढलेल्या नळीची) डबी घ्या. हेडफोन ॲम्पला तीच शोभते.

शिरोरेषेला खाचा पडतात

हे दुखणं फक्त आपलं, आणि लेझरचा यात काहीही संबंध नाही. ‘खर्ज’ मारला, अक्षरं स्वच्छ, पण ‘ख’ आणि ‘ज’ जिथे जुळतात तिथे शिरोरेषेत तांदळाच्या कणीएवढी खाच, आणि रफाराचा पाय जिथे ‘ज’ला टेकतो तिथेही. मीटरवर बघितलं तर खाचेत बझर नाही. मी पुन्हा उंची तपासली, काच पुसली, बेल्ट ताणला. मग दुसरी डबी मारली तर खाच अगदी त्याच जागी. दोनदा एकाच जागी आलेली चूक मशीनची नसते, फाइलची असते.

देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, म्हणजे जोड दिसू नये. कागदावर छापताना काळ्यावर काळं, काही बिघडत नाही. लेझरचा प्रोग्रॅम मात्र आकार भरताना आत-बाहेर मोजत जातो: एका रेघेच्या आत गेला तर भरायचं, दुसरी ओलांडली तर सोडायचं. जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढलीत तिथे तो दोनदा ‘आत’ जातो आणि हिशोबाने ती जागा रिकामी सोडतो.

इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचा प्रोग्रॅम) मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा. मग ‘आउटलाइन’ने बघा; ‘खर्ज’ची बाहेरची रेघ एकसंध फिरली पाहिजे, मध्ये कुठेही आडव्या उभ्या रेघा उरता कामा नयेत. लाइटबर्न या लेझरच्या प्रोग्रॅममध्ये ‘वेल्ड’ हेच करतं. बाहेर काम द्यायचं असेल तर नेमप्लेटवाल्याला ‘कोरलमध्ये कर्व्ह करून, वेल्ड करून घ्या’ एवढं म्हटलं की त्याला कळतं. नुसतं ‘कर्व्ह करून’ म्हणाल तर खाचा राहतील. मजकूर थेट लेझरच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करायच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याला जोडाक्षरं कळत नाहीत तो ‘र्ज’चा ‘र् ज’ करतो आणि वेलांटी भलत्या अक्षराला लावतो.

फाँट निवडताना बारीक-जाड रेघांचा डौलदार फाँट टाळा. तीन-चार मिलिमीटर उंचीच्या अक्षरात बारीक रेघ लेझरच्या ठिपक्याएवढीच उरते आणि अनुस्वार हरवतो. मी ‘मुक्ता’ वापरतो, जरा जाड वजनात.

बाकीचं किरकोळ

अक्षराच्या रेघांची टोकं करपलेली आणि मधला भाग फिका असेल तर जीआरबीएलमध्ये (मशीनच्या बोर्डावरचा प्रोग्रॅम) $३२ चं, म्हणजे लेझर मोडचं, मूल्य १ आहे का बघा, आणि लेझर चालू करायला एम३ ऐवजी एम४ ही आज्ञा वापरा. एम४ मध्ये डोकं वळताना मंदावलं की पॉवरही उतरते. सगळंच अचानक अर्ध्या ताकदीचं वाटत असेल तर जीआरबीएलमधला $३० चा आकडा आणि प्रोग्रॅममधला कमाल पॉवरचा आकडा एकच हवा. एकीकडे १००० आणि दुसरीकडे २५५ असा घोळ मी दोघांकडे पाहिलाय. उभ्या रेघा करवतीसारख्या दातेरी येत असतील तर बेल्ट सैल, किंवा जाता-येता मारण्यातला फरक भरून काढायचा राहिलाय. अक्षरात आडव्या पट्ट्या दिसत असतील तर दोन ओळींतलं अंतर ०.१ मिलिमीटर करा, आणि दुसरा पास ९० अंशांत फिरवून मारा.

काळ्या पॉलिएस्टर कोटिंगवर माझे आकडे मिनिटाला २००० मिलिमीटर, ७० टक्के, दोन पास. ते जसेच्या तसे उतरवू नका. डबीच्या झाकणाच्या खालच्या बाजूला तीच पावडर, त्याच भट्टीतली, तेवढीच जाड बसलेली असते. रबरी पाय चिकटणार त्या जागी स्पीड आणि पॉवरचे छोटे चौकोन मारा, मीटरने वाजवून बघा, कमीत कमी ताकदीत जो वाजला तो घ्या. वर पाय चिकटवला की कुणाला दिसत नाही.

नॉबची भोकं आणि अक्षरं जुळत नसतील तर भोकांचे मध्यही लेझरनेच, त्याच फाइलमधून मारून घ्या आणि ड्रिल नंतर करा. जॅकच्या भोकाभोवती आतल्या बाजूलाही कोटिंग बसलं असेल तर तिथे एक गोल कडं उडवून घ्या, म्हणजे जॅकची वायसर धातूला टेकते आणि डबी अर्थ होते. पेटीवाल्या मित्राच्या डबीत आधी जी गुणगुण येत होती ती याने गेली. डबीत थेट २३० व्होल्ट येत असतील तर मात्र कडं पुरत नाही, तीन पिनांच्या प्लगची अर्थ वायर डबीला स्क्रूने घट्ट हवी.

आणि चष्मा. ॲल्युमिनियम उजेड परत फेकतं हे वर दोनदा आलंय. तो फेकलेला उजेड डोळ्यात जातो. मशीनबरोबर आलेल्या नारिंगी चष्म्यावर ४५० नॅनोमीटरचा पट्टा लिहिलेला हवा, आणि तोच चष्मा घालून फायबर लेझरवाल्याच्या दुकानात मशीनजवळ वाकू नका, तिथे तो निरुपयोगी आहे. धूर खिडकीबाहेर सोडा.

उघडं अक्षर पुण्यात वर्षानुवर्षं टिकतं. रत्नागिरीला दिलेल्या एका पेडलवर पहिल्याच पावसाळ्यात अक्षरांत पांढरी भुकटी धरली. आता समुद्राकाठी जाणाऱ्या डबीवर दोन हात पारदर्शक लॅकर मारूनच पाठवतो. लॅकर मारल्यावर दुरुस्ती नाही, आधी मीटर लावून घ्या.

हॅमरटोन कोटिंगवर, म्हणजे ठोकलेल्या पत्र्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं असतं त्यावर, यातलं काहीच धड चालत नाही. प्रत्येक खड्ड्यात जाडी वेगळी. तीन डब्या वाया घालवल्या, चौथीवर लेबलची पट्टी चिकटवली.